मुक्कामाचा शेवटचा खेळ

गेल्या मार्गशीर्षात आपल्या मंडळाच्या आम्ही सत्तावीस जणी मिळून 'संगीत सौभद्र' पाहून आलो, हे बहुतेक भगिनींना ठाऊक आहेच. गावोगाव दौरा करीत आलेल्या मंडळींचा तो शेवटून दुसरा प्रयोग होता. त्यानंतर आणखी एक खेळ करून ती मंडळी परत जाणार होती. नाट्यगृह निम्मेच भरले होते. तरी पडदा वर जाऊन नांदीचे सूर घुमले, तेव्हा आमच्या रांगेतील सर्वांत वडील सभासद, वय वर्षे चौऱ्याऐंशी, यांनी हात जोडले ते नांदी संपेपर्यंत सोडले नाहीत.

जाण्याचे ठरविताना पुष्कळ खळखळ झाली होती. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाच्या नातवाची परीक्षा, कुणाला रात्रीच्या थंडीची धास्ती. 'पुढच्या वर्षी येतीलच की,' असेही एकीने म्हटले. तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, 'माझ्या आईलाही असेच सांगितले होते.' त्यानंतर कोणी नाही म्हटले नाही. त्या वाक्यामागची हकीगत त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितली. ती मी शेवटी सांगेन. कारण ती नीट कळावयास आपल्या संगीत रंगभूमीचा, आणि त्या रंगभूमीसमोर बसलेल्या बायकांचा, थोडा इतिहास आधी पाहावयास हवा.

मराठी नाटकाचा आरंभ विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ साली केला. पण आपण ज्याला संगीत नाटक म्हणतो, ते उभे केले बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. पूर्वीच्या खेळांत सूत्रधारच सर्वांच्या वतीने गात असे. अण्णासाहेबांच्या नाटकात ज्याचे दुःख त्याने गावे आणि ज्याचा आनंद त्याने गावा, अशी योजना झाली. दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक पुण्यासच झाले. संपूर्ण नाटक पुढील साली आले. साकी, दिंडी, कामदा, लावणी, कीर्तनातल्या चाली, इतकेच काय पण घरोघरच्या बायकांच्या गाण्यांच्या चालीही त्यांनी आपल्या पदांसाठी घेतल्या. म्हणजे ज्या चाली जात्यावर आणि पाळण्यापाशी म्हटल्या जात, त्यांतल्या काही रंगभूमीवर गेल्या. पण त्या म्हणणाऱ्या बायका मात्र घरीच राहिल्या.

'सौभद्रा'ची कथा आपणां सर्वांस माहीत आहे. वडील भाऊ बलराम बहिणीचे लग्न दुर्योधनाशी ठरवून मोकळा होतो. तिचे मन अर्जुनावर आहे, हे तिला कोणी विचारीत नाही. मग कृष्णाच्या युक्तीने अर्जुन यतिवेषाने घरात येतो आणि सारे सुरळीत होते. हसत खेळत सांगितलेली गोष्ट, पण तिच्या पोटात प्रश्न आहे तो मुलीला विचारण्याचा. तो प्रश्न १८८२ साली हजारो घरांत होता. आणि गंमत अशी की, सुभद्रेच्या वेषात तो मांडीत होते भाऊराव कोल्हटकर. त्यांच्या गोड आणि चढ्या आवाजाने सारा महाराष्ट्र वेडा केला होता. स्त्रीची भूमिका पुरुषानेच करावयाची, हा तेव्हाचा रिवाज. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर पाय ठेवणे तर दूरच, प्रेक्षकांत बसणे हीसुद्धा सहज घडणारी गोष्ट नव्हती.

त्या काळच्या जाहिराती पाहिल्या की कुलीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जागेची सोय असल्याचे त्यांत आवर्जून छापलेले दिसते. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची जागा त्याहून वेगळी. एकाच छपराखाली एकाच सुभद्रेसाठी डोळे पुसणाऱ्या बायकांत असा भेद होता. तरीही बायका आल्या. मुलांना मांडीवर घेऊन आल्या, आणि घरी जाताना पदे घेऊन गेल्या. पुढे फोनोग्राफच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा ज्यांना जाता आले नव्हते त्यांच्याही कानांवर ती पदे पडू लागली.

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' आले. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणाऱ्या बापाचे ते नाटक. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून तो अमलात आला. त्याला आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणण्याचा प्रघात पडला. पुष्कळांना वाटते की ते नाव नाटकावरून पडले. वस्तुतः ते कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले आहे. पण लोकांच्या तोंडी सारडाचे शारदा झाले ते उगाच नाही. त्या मुलीचे दुःख मराठी घरांत आधीच पोचले होते.

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले. चार वर्षांनी किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा आला. तेच बालगंधर्व. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मग 'स्वयंवर'मधील रुक्मिणी १९१६ साली आली आणि 'एकच प्याला'तील सिंधू १९१९ साली. ते नाटक पाहावयास त्याचे कर्ते राम गणेश गडकरी उरले नव्हते. महिनाभरच आधी त्यांचे निधन झाले होते. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून बायका नऊवारी नेसण्याची, अंबाडा घालण्याची, गजरा माळण्याची त्यांची तऱ्हा उचलीत. विचार केला तर मोठी नवलाची गोष्ट आहे. रंगभूमीवर स्त्रीला मज्जाव होता, आणि स्त्रीने कसे दिसावे हे सभागृहातील स्त्रिया एका पुरुषाकडून शिकत होत्या!

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. धैर्यधर ललितकलादर्शचे केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगभूमीवर उभे राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. त्यांचे वय अवघे एकतीस होते. ज्यांनी तो खेळ 'पुढच्या वेळी पाहू' म्हणून सोडला, त्यांना तो पुन्हा दिसला नाही.

या मंडळ्या म्हणजे चालती गावेच होती. नट, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, नटांची बायकामुले, असे मोठे खटले पेट्या-पडद्यांसह आगगाडीने निघे. आज हुबळी-धारवाड, उद्या सांगली-मिरज, मग नागपूर, इंदूर, बडोदे. एकेका गावी महिना-दोन महिने मुक्काम पडे. रात्री सुरू झालेले नाटक वन्समोअर घेत घेत उत्तररात्रीपर्यंत चाले. मुक्काम संपत आला की 'शेवटचा खेळ' अशी जाहिरात लागे. मग 'लोकाग्रहास्तव' आणखी एक शेवटचा खेळ होई. लोक हसत, पण गर्दीही करीत. कारण तो खरोखरीच शेवटचा असला तर काय, ही हुरहूर प्रत्येकाच्या मनात असे.

एके दिवशी तो खरोखरीच शेवटचा ठरला. १९३१ साली 'आलम आरा' हा बोलपट आला, १९३२ साली प्रभातचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला. थोड्या पैशांत, दोन-तीन तासांत, तेच गाणे आणि त्याहून मोठे देखावे दिसू लागले. नाट्यगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली. त्यातच जगभरची मंदी आली. मंडळ्यांचा खर्च अफाट होता. भारी शालू, अत्तरे, उत्तमोत्तम साथीदार यांपायी गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर पूर्वीच झाला होता. १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथ झाले. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळीही चित्रपटाच्या नादात त्याच सुमारास बुडाली. ललितकलादर्शचे बापूराव पेंढारकर १९३७ साली गेले. सहा-सात वर्षांत अर्ध्या शतकाचा डोलारा खाली आला.

पण याच पडत्या काळात एक दार उघडले, ते आपल्यासाठी. १९१३ साली गिरिजाबाई केळकर यांनी 'पुरुषांचे बंड' हे नाटक लिहिले होते. १९२८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. हिराबाई बडोदेकर यांनी भावंडांसह नाटक मंडळी काढली आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, हे गाऊन पटवून दिले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली. पुढे बालगंधर्वांच्या नाटकांतही गोहरबाई कर्नाटकी नायिका होऊन उभ्या राहिल्या. १९४९ साली जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था स्थापून जुनी संगीत नाटके पुन्हा गावोगाव नेली. आज आपणांस 'सौभद्र' पाहावयास मिळते, त्यात अशा हातांचा वाटा मोठा आहे.

आता आजींची हकीगत. त्यांच्या आई १९३० च्या सुमारास पंधरा वर्षांच्या सून होत्या. गावात एका मोठ्या मंडळीचा मुक्काम पडला होता. घरातील पुरुष दर दोन दिवसांआड नाटकास जात. 'आपल्याकडच्या बायकांनाही एकदा नेऊ,' असे सासरे म्हणाले होते. पहिल्या आठवड्यात घरी श्राद्धपक्ष निघाला, दुसऱ्यात जाऊ आजारी पडली. मग ठरले की मुक्कामाच्या शेवटच्या खेळाला नेऊ. ठेवणीतले लुगडे काढून ठेवले होते. त्या संध्याकाळी आतेसासूबाई गाडीने आल्या, आणि चूल पेटती ठेवावयास कोणी तरी घरी राहणे प्राप्त झाले. राहिली ती धाकटी सून. 'पुढच्या मुक्कामाला तुला सगळ्यांत आधी,' असे तिला सांगण्यात आले.

पहाटे तीनला मंडळी परतली. तिने पाणी तापवून ठेवले होते. नवऱ्याला मनातून वाईट वाटले असावे. दिवा मालवल्यावर त्याने आवाज दाबून, जमेल तशी, पाच-सहा पदे तिला म्हणून दाखविली. तो काही गवई नव्हता. पण तिने ती पदे त्याच वेड्यावाकड्या सुरांत पाठ केली आणि जन्मभर तशीच म्हटली. ती मंडळी त्या गावी पुन्हा आली नाही. दोन-तीन वर्षांत त्याच जागेवर बोलपट लागला.

'आई भाकरी थापताना सुभद्रेची पदे म्हणायची,' आजी सांगत होत्या. 'खरी चाल मी पुढे रेडिओवर ऐकली, तेव्हा मला ती चुकीची वाटली!' आम्ही सगळ्या हसलो. मग थोडा वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

नाटक चालू असताना मी अधूनमधून त्यांच्याकडे पाहत होते. रंगभूमीवरील सुभद्रा पंचविशीतील एक मुलगी होती. ती खऱ्या चालीत गात होती आणि आजी ओठांतल्या ओठांत त्यांच्या वडिलांच्या चालीत म्हणत होत्या. पदे पुष्कळ गाळली होती, प्रयोग तीन तासांत आटोपला. साथीला वाजविणारे दोघेच होते. जुन्या वैभवाशी तुलना करू गेल्यास उणे पुष्कळ निघेल. पण आम्ही कोणत्याही स्वतंत्र जागेत नव्हतो. तिकिटे आम्हीच काढली होती आणि मधोमध, पाचव्या रांगेत बसलो होतो.

खेळ संपल्यावर त्या मुलीला भेटावयास आम्ही आत गेलो. ती पेटीत दागिने ठेवीत होती. पुन्हा कधी येणार, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, 'बोलावणे आले की येऊ.' इतके साधे उत्तर, पण ते माझ्या मनात राहिले आहे. मंडळ्या आपण होऊन महिना-महिना मुक्कामास येत, ते दिवस गेले. आता बोलवावे लागते, आणि बोलावल्यावर आपण जाऊन बसावे लागते. म्हणून या वर्धापनदिनी माझी एक लहानशी सूचना आहे. मंडळाने दर वर्षी एका संगीत नाटकासाठी काही रक्कम बाजूस काढावी, आणि त्या रात्री प्रत्येकीने आपल्या घरातील धाकट्या सुनेस किंवा लेकीस सर्वांत आधी न्यावे. चुलीपाशी कोणी राहावयाचे, याचा विचार घरातील इतरांनी एक दिवस करावा.