खजिना घरात, उस्ताद परदेशात

फुटबॉलचे नियम इंग्लंडने लिहिले. 1863 साली लंडनच्या एका खानावळीत क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. 1888 साली बारा क्लबांची लीग सुरू झाली. पुढे 1992 साली प्रीमियर लीग आली आणि पैशाचा पूर लोटला. 2016 ते 2019 या तीन हंगामांच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण नुसत्या ब्रिटनमध्ये दाखवण्याचे हक्क 513 कोटी पौंडांना विकले गेले. एवढे असून 2024 अखेरपर्यंत पुरुषांच्या संघाच्या नावावर विश्वचषक एकच होता, तोही 1966 चा. युरोपचे विजेतेपद एकदाही नव्हते.

असे का, याची उत्तरे चहाच्या टपरीवरही मिळतात. कोणी पेनल्टीचे नाव घेतो. 1990 ते 2012 या काळात इंग्लंड सहा वेळा पेनल्टी शूटआउटमध्ये हरून घरी परतले, हे खरेच आहे. कोणी परदेशी खेळाडूंकडे बोट दाखवतो. 26 डिसेंबर 1999 रोजी चेल्सीने मैदानात उतरवलेल्या पहिल्या अकरा जणांत एकही ब्रिटिश नव्हता, हेही खरे. पण 1978 पूर्वी त्याच लीगचे दार परदेशी खेळाडूंना जवळजवळ बंद होते. तरीही 1974 आणि 1978 च्या विश्वचषकांना इंग्लंड पात्रसुद्धा ठरले नाही. तेव्हा पाहुण्यांच्या माथी खापर फोडून भागणार नाही. दुखणे जुने आहे, घरचे आहे.

आम्ही पेशाने शिक्षक, उर्दू माध्यमाच्या शाळेतले. त्यामुळे असेल, पण हा इतिहास वाचताना आमची नजर खेळाडूंपेक्षा शिकवणाऱ्यांवर अधिक खिळते. आणि तिथे जिमी होगन भेटतो.

होगन लँकेशायरचा. खेळाडू म्हणून बेताचाच, शिकवण्याची हौस मात्र दांडगी. त्या काळी इंग्लिश क्लबांत एक अजब समजूत होती. आठवडाभर खेळाडूला चेंडूपासून दूर ठेवायचे, नुसते पळवायचे, म्हणजे शनिवारी तो चेंडूसाठी आसुसलेला असेल! (वर्षभर पुस्तक कुलपात ठेवले तर परीक्षेच्या दिवशी पोरगा भुकेल्यासारखा वाचेल, असे म्हणण्यातलाच हा प्रकार.) होगनला हे पटेना. चेंडू पायात घोळला पाहिजे, त्याच्याशी मैत्री झाली पाहिजे, हा त्याचा आग्रह. मायदेशी ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून तो युरोपात गेला. 1914 साली महायुद्ध पेटले तेव्हा तो व्हिएन्नात होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. पुढे तो बुडापेस्टला पोहोचला आणि युद्धाची वर्षे त्याने तिथल्या एमटीके क्लबच्या पोरांना शिकवण्यात घालवली. लढाई संपल्यावर तो परतला. सांगतात की, शत्रूच्या मुलखात युद्ध काढलेल्या या माणसाला फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीतून मदत म्हणून हातात पडले ते मोज्यांचे जोड.

होगन गेला तसे इतरही गेले. जॉर्ज रेनर हा इंग्रज प्रशिक्षक स्वीडनला गेला. त्याच्या हाताखाली स्वीडनने 1948 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि 1958 साली विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. मायदेशी परतल्यावर त्याला काम मिळाले ते स्केगनेस टाउन नावाच्या लहानशा क्लबात. पिकतं तिथं विकत नाही, दुसरे काय!

शिकवण्याविषयी ही बेपर्वाई आली कोठून? आमच्या मते अहंकारातून. 1928 साली इंग्लंड जागतिक संघटनेतून बाहेर पडले, ते 1946 साली परत आले. 1930, 1934 आणि 1938 चे विश्वचषक त्यांनी खेळलेच नाहीत. जे आमच्याकडून शिकले, त्यांच्याशी आम्ही काय स्पर्धा करायची, असा तो तोरा. 1950 साली ब्राझीलमध्ये ते प्रथम उतरले आणि बेलो होरिझोंते येथे अमेरिकेच्या हौशी पोरांकडून 1–0 असे हरले. तो अपघात म्हणून सोडून देता आला.

25 नोव्हेंबर 1953 चा पराभव मात्र तसा सोडता आला नाही. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाकडून तोवर इंग्लंड स्वतःच्या मैदानावर हरले नव्हते. हंगेरीचा संघ वेंबलीवर आला. पहिल्याच मिनिटात हिदेगकुटीने गोल केला आणि सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते 6–3. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये 7–1. वेंबलीच्या सामन्यानंतर हंगेरीच्या संघटनेचे अध्यक्ष शांदोर बार्च यांनी सारे श्रेय जिमी होगनला दिले, फुटबॉल आम्हांला त्याने शिकवला म्हणून. तो होगन त्या दिवशी वेंबलीवरच होता, ॲस्टन व्हिलाच्या पोरांना घेऊन सामना दाखवायला आलेला. वय एकाहत्तर.

त्या वेळी इंग्लंडचे व्यवस्थापक होते वॉल्टर विंटरबॉटम, मूळचे शाळामास्तर. 1946 पासून त्यांच्यावर दोन कामे होती, राष्ट्रीय संघ सांभाळणे आणि देशभर प्रशिक्षक घडवणे. पण संघ निवडायचा अधिकार त्यांना नव्हता. ते काम समितीचे, म्हणजे क्लबांच्या कारभाऱ्यांचे. वर्ग मास्तरांनी घ्यायचा, उत्तीर्ण कोण हे संचालक मंडळाने ठरवायचे! ही पद्धत आल्फ रॅम्सेने मोडली. संघ मीच निवडणार, ही त्याची अट होती. 1966 चा विश्वचषक त्याच्याच कारकिर्दीतला. आणि हा रॅम्से 1953 साली हंगेरीविरुद्ध मैदानात होता, इंग्लंडचा तिसरा गोल पेनल्टीवर त्यानेच केला होता. मार खाल्लेल्यांपैकी एक जण तरी शिकला.

1966 च्या विजयाने जुना तोरा परतला. 1991 साली असोसिएशनने नव्या लीगची योजना मांडली, ती राष्ट्रीय संघाच्या भल्यासाठी आहे असे सांगून. लीग अठरा क्लबांची होणार होती. 1992 मध्ये सुरू झाली ती बावीस क्लबांची, आणि 1995 पासून वीसवर थांबली. पैसा आला, तो क्लबांकडे आणि खेळाडूंकडे गेला. शिकवणाऱ्यांकडे किती गेला, ते 2010 साली छापून आलेल्या युरोपीय संघटनेच्या आकड्यांत दिसते. वरच्या तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे असलेले प्रशिक्षक जर्मनीत 34,970, स्पेनमध्ये 23,995 आणि इंग्लंडमध्ये 2,769. त्याच वर्षी विश्वचषकात जर्मनीने इंग्लंडला 4–1 ने झोडपले आणि स्पेन विजेता ठरला. नव्या इमारतीची फीत कापली जाते आणि शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते, हे आम्हांला परके नाही.

मग हालचाल झाली. फ्रान्सचे क्लेअरफाँतेन केंद्र 1988 पासून चालू होते. इंग्लंडचे सेंट जॉर्जेस पार्क 2012 मध्ये उघडले. त्याच वर्षी क्लबांच्या अकादम्यांसाठी नवी योजना लागू झाली. त्याचे फळ आपल्याच देशात पाहायला मिळाले. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इंग्लंडच्या पोरांनी मडगावला अमेरिकेला 4–1 असे हरवले. पुढे कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध दोन गोलांनी मागे पडूनही त्यांनी 5–2 असा विजय मिळवला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला फिल फोडेन 14 जुलै 2024 रोजी बर्लिनमध्ये युरो स्पर्धेची अंतिम लढत खेळला. समोर पुन्हा स्पेन होता. या वेळी इंग्लंड 2–1 असे हरले.

महिलांच्या संघाने 2022 आणि 2025 अशी दोनदा युरोपची स्पर्धा जिंकली. 1921 पासून सुमारे पन्नास वर्षे असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदाने ज्यांना बंद केली होती, त्यांच्या या लेकी. दोन्ही वेळा त्यांची प्रशिक्षक होती सरिना वीगमन, नेदरलँड्सची. पुरुषांच्या संघाची सूत्रे जानेवारी 2025 मध्ये थॉमस टुखेलने हाती घेतली. तो जर्मन.