शॅम्पेन : बाटलीतील बुडबुडे आणि नकाशावरील रेषा

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, महाराष्ट्राबाहेरील एका जिल्ह्यात, एका योजनेसाठी पात्र गावांची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. ओढ्याच्या अलीकडील गावे यादीत आली, पलीकडील राहिली. माती तीच, पाऊस तोच, पीकही तेच. पलीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याने हिंदीत विचारले, "साहेब, ही रेघ कोणी ओढली?" ती मीच ओढली होती, उत्तर मात्र देता आले नाही. पुढे फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताचा इतिहास वाचताना तो प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला.

शॅम्पेन म्हणजे फसफसणारी कोणतीही वाइन, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते एका प्रदेशाचे नाव आहे. तेथे मुख्यतः पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने या जातींची द्राक्षे हातांनीच तोडली जातात. ४,००० किलो द्राक्षांपासून २,५५० लिटरच रस घेण्याची मर्यादा आहे. त्यापासून प्रथम साधी वाइन होते. निरनिराळ्या मळ्यांच्या व वर्षांच्या वाइन एकत्र करून, त्यात साखर व यीस्ट घालून ती बाटलीत बंद करतात. बंद बाटलीत पुन्हा किण्वन होते आणि निर्माण झालेला वायू बाहेर पडू न शकल्याने द्रवातच मुरतो. दाब पाच-सहा वातावरणांइतका होतो. खडूच्या दगडात खोदलेल्या थंड तळघरांत या बाटल्या किमान पंधरा महिने ठेवाव्या लागतात. मग त्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, तोंडाशी जमलेला यीस्टचा गाळ गोठवून काढून टाकतात आणि थोडी गोड वाइन घालून बूच बसवतात.

या कलेचा शोध दोम पेरिन्यों या मठवासीयाने लावला, ही लोकप्रिय आख्यायिका आहे. प्रत्यक्षात तो वाइनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणून झटत होता. वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याची रीत ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रजाने १६६२ मध्येच नोंदवली होती. प्रशासकाला अधिक उद्बोधक वाटावी अशी घटना १७२८ ची आहे. त्या वर्षी पंधराव्या लुईने या प्रांताची वाइन बाटल्यांतून नेण्यास परवानगी दिली. तोपर्यंत वाहतूक पिंपांतून होत असे, आणि पिंपात बुडबुडे टिकत नाहीत. एका राजाज्ञेने एक बाजारपेठ खुली झाली.

परंतु नाव मोठे झाले की त्याचे वाटेकरीही वाढतात. विसाव्या शतकाच्या आरंभी काही व्यापारी बाहेरच्या प्रदेशांतून स्वस्त द्राक्षे आणून शॅम्पेनच्या नावाने विकू लागले. स्थानिक बागाईतदार फिलॉक्सेरा या किडीने आणि नापिकीने आधीच खचले होते. शासनाने १९०८ मध्ये सीमा आखली. तीत मार्न आणि एनचा काही भाग आला; ओब वगळला गेला. शॅम्पेन प्रांताची जुनी राजधानी त्र्वा ओबमध्येच होती, ही त्यातील विसंगती!

१९१० चे पीक बुडाले आणि १९११ मध्ये असंतोषाचा भडका उडाला. ओबमधील शेतकऱ्यांनी करांचे कागद जाळले, नगरपालिकांनी राजीनामे दिले. दडपणाखाली सिनेटने एप्रिलमध्ये सीमा रद्द करण्याकडे कल दाखविताच मार्नचे शेतकरी पेटले. आय गावी व्यापाऱ्यांच्या कोठ्या जाळल्या गेल्या, सैन्य पाचारण करावे लागले. रेषा ठेवली तर एक पक्ष दुखावतो, पुसली तर दुसरा. जूनमध्ये ओबला 'दुय्यम विभाग' ठरविण्यात आले. त्या बिरुदाने कोणाचेही समाधान झाले नाही.

तोडगा निघाला तो १९२७ च्या कायद्याने. ओबला पूर्ण स्थान मिळाले. पण द्राक्षांच्या जाती ठरवून दिल्या गेल्या आणि तेथील गॅमेच्या वेली बदलण्यास अनेक वर्षांची मुदत दिली गेली. हक्काबरोबर शिस्त आली आणि शिस्तीबरोबर सवड. १९३६ मध्ये या व्यवस्थेला नियंत्रित नामाभिधानाचा दर्जा मिळाला.

आपणही याच वाटेवर आहोत. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला. हापूस हे नाव केवळ रत्नागिरी-देवगडचे की साऱ्या कोकणचे, हा वाद आपण पाहिला. २०१८ मध्ये ते मानांकन कोकणातील पाच जिल्ह्यांना मिळाले. दूरदेशी आंब्याची पेटी उघडणाऱ्या वाचकाने त्या शिक्क्यामागे किती शेतकऱ्यांचे भाव अडकले आहेत, याचा क्षणभर विचार करावा.

अर्थशास्त्र सांगते की नावाला किंमत येते ती त्याच्या मर्यादेमुळे. ते खरेच आहे. मात्र मर्यादा कोणत्या निकषावर घातली, हे मर्यादेबाहेर राहिलेल्याला सांगता आले पाहिजे. माझी ती यादी यथावकाश दुरुस्त झाली, पण ओढ्यापलीकडच्यांचे दोन हंगाम वाया गेल्यानंतर. त्या वृद्धाला उत्तर द्यायला मी पुन्हा गेलो नाही, याची खंत आजही आहे.