जोशांदा आणि काढा : दख्खनमधील सर्दी-खोकल्याच्या उपचारांचा मागोवा

धारवाडच्या पावसाळ्यात सप्तापूरसारख्या विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वस्तीत एका खोलीतला खोकला शेजारच्या चार खोल्यांत पोहोचायला वेळ लागत नाही. मग एका घरात काढा उकळतो, दुसऱ्या घरात जोशांदा. फारसीत ‘जोशीदन’ म्हणजे उकळणे. नावे दोन असली तरी कृती एकच आहे, आणि भांड्यात पडणाऱ्या वस्तूही बऱ्याच अंशी त्याच आहेत. युनानी नुस्ख्यातील ‘असल-उस-सूस’ म्हणजे आपले ज्येष्ठमध व ‘सपिस्तां’ म्हणजे भोकर होय. बनफशा उत्तरेकडून आला, तर अडुळसा हा मूळचा इथलाच.

युनानी वैद्यकात नाकावाटे वाहणाऱ्या सर्दीस ‘ज़ुकाम’ आणि घशात व छातीत उतरणाऱ्या स्रावास ‘नज़ला’ म्हणतात. ‘नज़ला’ या अरबी शब्दातच उतरण्याचा अर्थ आहे. नवव्या-दहाव्या शतकातील विख्यात हकीम अबू बक्र राज़ी यांनी गुलाब फुलण्याच्या दिवसांत अबू ज़ैद बल्खी यांना होणाऱ्या नज़ल्यावर स्वतंत्र टिपण लिहिले. आज आपण त्यास ॲलर्जी म्हणू. वाहणारे प्रत्येक नाक संसर्गाचेच नसते, हा भेद त्या काळी लक्षात येणे ही लहान गोष्ट नव्हे.

या दोन परंपरांची गाठ दख्खनमध्ये कशी पडली, याचा उत्तम पुरावा विजापूरचा आहे. धारवाडचा किल्ला १५७३ च्या सुमारास आदिलशाहीत गेला. पुढे दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या (१५८०–१६२७) आश्रयास राहिलेल्या मुहम्मद कासिम फरिश्ता याने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा फारसी ग्रंथ लिहून भारतीय वैद्यकाचा परिचय करून दिला. आपल्या वर्गांत फरिश्ता केवळ इतिहासकार म्हणून शिकवला जातो. त्याची ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

मात्र या समृद्ध परंपरेची मर्यादा १९१८ साली उघडी पडली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते व तेथील कर्नाटक कॉलेज सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. जूनमध्ये मुंबईत आलेला इन्फ्लुएन्झा सौम्य वाटला. सप्टेंबरपासून तो उग्र झाला आणि रेल्वेमार्गांनी इलाखाभर पसरला. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ मृत्यूंची नोंद झाली. संपूर्ण इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी पाऊस हुकल्याने धान्यही महागले होते. हकीम, वैद्य आणि सरकारी डॉक्टर या तिघांपैकी कोणाकडेही या रोगावर औषध नव्हते. पाश्चात्त्य वैद्यकात तेव्हा एका जिवाणूलाच कारण मानले जाई. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. बहुतेक रुग्ण नंतर जडलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने गेले, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्यास अजून पाव शतक होते.

ते मिळू लागल्यावर चूक उलट दिशेने झाली. साधे पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही. तरीही ती सर्रास घेतली जातात आणि जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. जोशांद्याने घशाला आराम वाटतो, पाणी पोटात जाते. विषाणू त्याने मरत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी तर ज्येष्ठमध बेतानेच घ्यावे. अडुळशाचे मोल निराळ्या मार्गाने सिद्ध झाले : त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले.

पेनिसिलिनची खरी जागा घसादुखीच्या एका प्रकारात आहे. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूने घसा सुजतो तेव्हा ताप व गळ्याच्या गाठी असतात, पण खोकला आणि वाहते नाक बहुधा नसते. हा प्रकार मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या, म्हणजे शाळकरी मुलांत दिसतो. तो केवळ गुळण्या आणि काढ्यावर सोडल्यास काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात.