जन्मजात पुटी : मेंदू हरवलेला की दबलेला?

रावेरसारख्या तालुक्याच्या गावी मूल झाडावरून पडले, डोक्याला मार लागला, की आज त्याला जळगावला नेऊन सी.टी. स्कॅन काढतात. मार किरकोळ निघतो. पण एखाद्या वेळी अहवालात 'अरॅक्नॉइड सिस्ट' हे शब्द दिसतात आणि घर हादरते. 'डोक्यात गाठ आहे' ही बातमी शाळेपर्यंत येते. म्हणून या पुटीचा इतिहास आपण शिक्षकांनी समजून घ्यायला हवा.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. मधले आवरण कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम असते. कोळ्याच्या ग्रीक नावावरूनच त्याला अरॅक्नॉइड म्हणतात. त्याच्याखाली पाण्यासारखा मेरुद्रव खेळत असतो. गर्भावस्थेत हे आवरण घडताना क्वचित एखाद्या जागी दुपदरी होते आणि दोन पदरांमध्ये द्रव साठतो. हीच ती पुटी. ती कर्करोग नव्हे. पट्टकृमीच्या अळ्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठींशीही तिचा संबंध नाही.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये तिचे वर्णन केले. त्या काळी मृत्यूनंतर कवटी उघडली तरच ती दिसे. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. पण त्यांत कवटीचा फुगवटा तेवढा कळे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. १९१८-१९ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्रे घेतली. रुग्णाला मात्र हा प्रकार फार त्रासदायक होई.

खरा वाद पुढेच झाला. या पुटी बहुधा कानशिलाच्या आत असतात आणि तिथला मेंदूचा भाग लहान दिसतो. मग आधी काय? न्यूझीलंडचे शल्यविशारद रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये मांडले, की तो भाग मुळातच वाढला नाही आणि रिकाम्या जागेत पाणी भरले. हे खरे, तर मूल जन्मतःच अधू मेंदूचे ठरते! परंतु स्टार्कमन व सहकाऱ्यांनी १९५८ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते, की पुटी आवरणाच्या पदरांमध्येच असते. अखेर १९७१ मध्ये रॉबिन्सन यांनी स्वतःच आपले मत बदलले. पुटी आधीची, मेंदू हरवलेला नसून बाजूला दबलेला आहे. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत तो पुन्हा पसरलेलाही आढळला.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला उभारला होता. मुंबईत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजवले.

स्कॅन वाढले तसे कळले, की अशा पुटी दुर्मिळ नाहीत. २०१० मधील एका अमेरिकन पाहणीत एम.आर.आय. झालेल्या ११,७३८ मुलांपैकी २.६ टक्के मुलांत त्या आढळल्या. बहुतेकांना कसलाच त्रास नव्हता आणि उपचारांची गरजही नव्हती.

तेव्हा अशा मुलाला आपण वर्गात वेगळे बसवू नये, 'कमकुवत डोक्याचा' म्हणू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, फिट, अंधूक दिसणे किंवा तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने मोठे होणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे. कबड्डी-कुस्तीसारख्या खेळांत डोक्याला मार बसून क्वचित रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. बाकी अभ्यास इतर मुलांसारखाच चालू द्यावा.