पालख्या अनेक, एकादशी एकच

मंडळी, या वीकेंडला थोडा लिस्पचा इतिहास. उदाहरण मात्र आपल्या वऱ्हाडातलं.

आषाढीसाठी कौंडण्यपूरहून (तालुका तिवसा, जिल्हा अमरावती, परंपरेने रुक्मिणीचं माहेर) पालखी पंढरपूरला जाते. शेगावहून गजानन महाराजांची जाते, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची. निघायचं ठिकाण प्रत्येकीचं वेगळं, पण एकादशीची तारीख सगळ्यांची एकच. प्रोग्राममध्ये 'पालखी' असा क्लास केला, तर ठिकाण ज्याच्या त्याच्या ऑब्जेक्टमध्ये राहील आणि तारीख अख्ख्या क्लासची मिळून एक राहील. हे झालं क्लास व्हेरिएबल. प्रश्न एवढाच, की ही सामायिक तारीख पहिल्यांदा भरायची कधी?

स्मॉलटॉक-८० चं उत्तर सरळ होतं. क्लासलाच 'इनिशियलाइझ' असा मेसेज पाठवायचा, की झालं. लिस्पमध्ये तेव्हा दोन घराणी होती. एमआयटीत हॉवर्ड कॅननचं फ्लेव्हर्स, आणि झेरॉक्स पार्कमध्ये डॅनियल बोब्रो व मार्क स्टेफिक यांचं लूप्स. लूप्समध्ये क्लास व्हेरिएबल हा वेगळा प्रकारच होता. कॉमन लिस्पसाठी एकच स्टँडर्ड करायचं म्हटल्यावर दोन्हीकडची मंडळी एकत्र बसली. बोब्रो, लिंडा डीमिशेल, रिचर्ड गेब्रियल, सोन्या कीन, ग्रेगर किकझालेस आणि डेव्हिड मून यांनी लिहिलेलं क्लॉसचं स्पेसिफिकेशन जून १९८८ मध्ये स्वीकारलं गेलं, आणि १९९४ च्या एएनएसआय स्टँडर्डमध्ये आलं.

क्लॉसने क्लास व्हेरिएबल हा वेगळा प्रकार ठेवलाच नाही. सगळे स्लॉटच. ':अ‍ॅलोकेशन :क्लास' लिहिलं की स्लॉट सामायिक. सुरुवातीची किंमत द्यायला ':इनिटफॉर्म' दोघांनाही तोच. दिसायला एकदम सुटसुटीत! पण साध्या स्लॉटचा इनिटफॉर्म नवीन ऑब्जेक्ट करताना चालतो, आणि सामायिक स्लॉटचा क्लासच्या व्याख्येबरोबर. इथून तीन गोष्टी निघतात.

एक, 'मेक-इन्स्टन्स'ला ':इनिटआर्ग'मधून तारीख दिली, तर ती जुन्या तारखेच्या जागी बसते. म्हणजे शेगावची पालखी करताना चुकीची तारीख दिली, की कौंडण्यपूरचीही चुकली.

दोन, ':डिफॉल्ट-इनिटआर्ग्ज'मध्ये तारीख ठेवली, तर प्रत्येक नव्या पालखीबरोबर ती पुन्हा मूळपदावर येते. मधे कोणी दुरुस्त केली असेल, तर ती दुरुस्ती गेली.

तीन, आणि हे सगळ्यात फसवं. पुढच्या वर्षी इनिटफॉर्ममध्ये नवी तारीख लिहिली, चालू सिस्टिममध्ये 'डेफक्लास' पुन्हा चालवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि तारीख मागच्या वर्षीचीच! कारण स्टँडर्ड सांगतं, की जो स्लॉट आधीही सामायिक होता आणि आताही आहे, त्याची किंमत तशीच ठेवायची.

हा बग नाही बरं का. लिस्पवाल्यांची सिस्टिम बंद न करता कोड बदलायची सवय जुनी. क्लासमध्ये एक मेथड वाढवायची म्हणून फाइल पुन्हा लोड केली आणि चालू मोजणी शून्यावर गेली, तर काय उपयोग? 'डेफव्हार' दुसऱ्यांदा चालवलं तरी जुनी किंमत राहते, 'डेफपॅरामीटर' मात्र बदलून टाकतं. सामायिक स्लॉट डेफव्हारच्या वळणावर गेला.

म्हणून नवी तारीख हवी असेल, तर कोणतीही एक पालखी हाताशी घेऊन 'सेटफ'ने स्पष्ट बदलायची. एकीची बदलली की सगळ्यांची बदलते. त्यासाठीच तर स्लॉट सामायिक केला होता!

असो. वऱ्हाडातल्या लिस्पवाल्यांनो (असाल तर), कमेंट टाका.