आडवाटेचे गणित

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाला नव्या गावात पहिले काही दिवस दोन गोष्टींची अडचण असते: एक दूधवाला आणि दुसरी वाट. पैकी वाटेची अडचण पूर्वी कोपऱ्यावरचा पानवाला दूर करी. "सरळ जा, पिंपळ लागला की डावीकडे वळा, पण आज बाजार आहे, तेव्हा मागच्या अंगाने गेलेले बरे," असे तो सांगे. त्याच्या या शेवटच्या अर्ध्या वाक्यात वाट दाखवण्याच्या शास्त्राचा सारा कठीण भाग सामावलेला होता, हे आम्हांला फार उशिरा कळले. सरळ वाट सांगणे सोपे आहे. ती अडली असता दुसरी सांगणे अवघड आहे. आणि ती दुसरी वाट एकाच वेळी हजारो लोकांना सांगितली तर तिचे काय होईल, हा प्रश्न पानवाल्याला पडण्याचे कारणच नव्हते.

आज पानवाल्याची जागा मोटारीतील मार्गदर्शक यंत्राने घेतली आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या ठिकाणाहून परतत होतो. पुढे रेल्वेचे फाटक बंद होऊन गाड्यांची रांग लागल्याचे यंत्राने ताडले आणि बारा मिनिटे वाचतील असे आश्वासन देऊन आम्हांला एका गल्लीत वळवले. गल्लीत शिरून पाहतो तो पुढे गाड्या, मागे गाड्या. सर्वांना तेच आश्वासन मिळालेले! एका दारात शिवणयंत्र घेऊन बसलेले वृद्ध गृहस्थ हातातले काम थांबवून शांतपणे आमच्याकडे पाहत होते. वाचलेली बारा मिनिटे आम्ही त्यांच्या दारासमोर घालवली. हे यंत्र आडवाट शोधते तरी कसे, याचा मागोवा आम्ही त्या दिवसापासून घेत आहो. त्यातून हाती लागलेला इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि आमच्या मते थोडा विचार करावयास लावणाराही आहे.

या इतिहासाचा उगम 1736 सालापर्यंत मागे नेता येतो. प्रशियातील कोनिग्सबर्ग या नगरात (ते आज रशियात असून कालिनिनग्राड या नावाने ओळखले जाते) नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच आणि एकदाच ओलांडून सारे नगर फिरता येईल काय, असा तेथील नागरिकांचा आवडता प्रश्न होता. ऑयलर या थोर गणितज्ञाने ते अशक्य असल्याचे सिद्ध केले. पण त्या उत्तराहून त्याची रीत अधिक मोलाची ठरली. पुलांची लांबी, नदीचे वळण, घरांची दाटी हे सारे त्याने बाजूला सारले. कोणता भूभाग कोणत्या भूभागाशी किती पुलांनी जोडला आहे, एवढेच शिल्लक ठेवले. आजच्या यंत्राच्या पोटातला नकाशा असाच असतो. त्यात चौक म्हणजे बिंदू, रस्ता म्हणजे दोन बिंदू जोडणारी रेघ, आणि प्रत्येक रेघेवर एक आकडा: ती पार करावयास लागणारा वेळ.

अशा बिंदू-रेघांच्या जाळ्यातून सर्वांत कमी वेळाची वाट कशी काढावी, याची सर्वांत प्रसिद्ध रीत 1956 साली ॲमस्टरडॅममध्ये सुचली. एड्सखर डाइक्स्ट्रा हा सव्वीस वर्षांचा तरुण तेथील गणितकेंद्रात काम करीत होता. एके दिवशी वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दमल्यावर दोघे एका कॉफीगृहाच्या अंगणात बसली असता, कागद-पेन्सिलीवाचून, अवघ्या वीस मिनिटांत ती आपल्याला सुचली असे त्याने पुढे सांगितले आहे. केंद्रातील 'आर्माक' या नव्या संगणकाचे सामर्थ्य लोकांना दाखवण्यासाठी त्याने हॉलंडमधील 64 गावांचा नकाशा घेतला आणि त्यावर ही रीत चालवून दाखवली. ती छापून आली 1959 साली, जेमतेम तीन पानांच्या टिपणात. सरकारी दप्तराशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांसाठी एक गंमत येथेच सांगून टाकतो. 1957 साली याच गृहस्थाने विवाहनोंदणीत आपला व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा सांगितला, तेव्हा असा व्यवसाय अस्तित्वातच नाही म्हणून नगरपालिकेने तो नाकारला. अखेर त्या रकान्यात 'सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक' असे लिहावे लागले. पुढे जगभरच्या मोटारींना वाट दाखवणाऱ्या माणसाला त्या दप्तरात स्वतःसाठी रकाना सापडला नाही!

त्याची रीत समजावयास कठीण नाही. आपण उभे आहो त्या चौकाला शून्य आकडा द्यावा. तेथून थेट जाता येणाऱ्या प्रत्येक चौकावर तेथवर लागणारा वेळ कच्च्या शाईने लिहावा. त्यांतला सर्वांत लहान आकडा पक्का करावा; कारण तेथे याहून लवकर पोचण्याचा दुसरा उपाय उरलेलाच नसतो. मग त्या पक्क्या चौकापासून पुढच्या चौकांचे आकडे मांडावे, आधीचा आकडा मोठा असेल तर खोडून लहान लिहावा, आणि पुन्हा सर्वांत लहान तो पक्का करावा. सपाट जमिनीवर ओतलेले पाणी जसे सर्व बाजूंनी पसरत जाते, तसा हा शोध पसरत जातो आणि मुक्कामाला स्पर्श होताच थांबतो.

दोष एवढाच की पाण्याला दिशा नसते. दिल्लीहून आग्र्यास जाणाऱ्याने आधी पानिपतकडचे रस्ते तपासत बसावे, तसे ते होते. 1968 साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत हार्ट, निल्सन आणि राफाएल या तिघांनी त्यावर तोड काढली. 'शेकी' नावाच्या चालत्या यंत्रमानवाला वाट शोधता यावी म्हणून त्यांनी प्रत्येक चौकाच्या आकड्यात मुक्कामापर्यंतच्या सरळ अंतराचा अंदाज मिळवला. मुक्कामाच्या दिशेचे चौक त्यामुळे आपोआप आधी तपासले जाऊ लागले.

गणित असे सिद्ध होते. पण मोटारीत बसण्याइतका लहान संगणक आणि त्यात मावेल असा नकाशा मिळावयास आणखी काळ जावा लागला. 1985 साली कॅलिफोर्नियात 'ईटॅक' नावाचे यंत्र विक्रीस आले. त्याचे नकाशे कॅसेटींवर साठवलेले असत. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून ते गाडीचे स्थान ताडी आणि चुकले तर नकाशावरील रस्त्याशी जुळवून स्वतःला सुधारी. नाव प्रशांत महासागरातील नावाड्यांच्या विद्येवरून घेतलेले होते. त्या विद्येत नाव स्थिर आणि बेटे सरकतात असे मानतात. या यंत्राच्या पडद्यावरही गाडी स्थिर राही आणि नकाशा सरके. उपग्रहांची मदत पुढे आली. अमेरिकेने आपल्या उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेवलेली अशुद्धता मे 2000 मध्ये काढून टाकली, तेव्हापासून सामान्य मोटारीलाही आपण नेमक्या कोणत्या रस्त्यावर आहो हे कळू लागले.

आता वळणवाटेचा प्रश्न. आरंभीच्या यंत्रांत त्यासाठी एक साधी कळ असे. पुढचे काही किलोमीटर बंद आहेत असे चालकाने कळ दाबून सांगितले की यंत्र त्या रेघांवरचे आकडे भरमसाट वाढवी आणि हिशेब नव्याने मांडी. रस्ता बंद म्हणजे फार महाग रस्ता, एवढेच त्याला समजे. पुढे ही वार्ता बाहेरून येऊ लागली. जपानात 1996 पासून रस्त्याकडेचे संकेतदीप आणि रेडिओ यांच्याद्वारे, तर युरोपात रेडिओच्या ध्वनीआडून जाणाऱ्या मूक संदेशांद्वारे कोंडीची माहिती गाड्यांपर्यंत पोचू लागली. आता तर प्रवाशांच्या खिशातले फोनच किती वेगाने सरकत आहेत यावरून कोंडी ओळखतात. म्हणजे कोंडीत आधी कोणीतरी सापडावे लागते. मागच्यांची वाट त्याच्या खोळंब्यातून शोधली जाते.

नकाशे वाढले तसे गणितही मंदावले. अमेरिकेच्या रस्त्यांचे संशोधकांनी वापरलेले जाळे सुमारे 2 कोटी 40 लाख बिंदूंचे आहे. 2008 साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथील संशोधकांनी एक रीत मांडली. तीत चौकांना आधीच मानाची उतरंड लावतात आणि किरकोळ चौक वगळून मोठ्या चौकांमध्ये हिशेबापुरत्या जवळच्या वाटा जोडून ठेवतात. त्यामुळे साऱ्या पश्चिम युरोपातील कोणतीही वाट सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळात निघू लागली. पण ही तयारी ठरलेल्या आकड्यांवर उभी होती. एक पूल बंद पडला तरी उतरंड डळमळे. म्हणून 2011 साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तयारीचे दोन भाग केले. रस्त्यांची जुळणी क्वचित बदलते, तिची तयारी एकदा सावकाश करावी. वेळेचे आकडे घटकेघटकेला बदलतात, ते त्या साच्यात भराभर भरावे. आज आपण एखादे वळण चुकलो की क्षणात नवी वाट पुढे येते, तिच्यामागे अशा प्रकारचे श्रम आहेत.

तरीही 'दुसरी चांगली वाट' सांगणे या सर्वांहून अवघड निघाले. सर्वांत जवळच्या वाटेनंतर दुसरी, तिसरी, चौथी अशा वाटा क्रमाने काढण्याची रीत येन या गणितज्ञाने 1971 साली दिली होती. पण गणिताची दुसरी वाट ही बहुधा पहिलीच वाट असते. मध्ये एका पेट्रोलपंपामागून वळसा घातलेला असतो, इतकेच. माणूस 'दुसरी' म्हणतो तेव्हा त्याला काय अभिप्रेत असते, याची व्याख्या करावी लागली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तिच्यासाठी तीन कसोट्या घातल्या आहेत. तिचा मूळ वाटेशी समाईक भाग फार असू नये, उदाहरणार्थ 80 टक्क्यांहून अधिक नसावा. ती कोठेही वाजवीपेक्षा फार लांबू नये; तेथे 25 टक्क्यांची मर्यादा धरली आहे. आणि तिचा कोणताही लहान तुकडा घेतला तरी तो त्या दोन ठिकाणांमधला उत्तमच मार्ग असावा. म्हणजे वाटेत उगाच चक्कर मारल्यासारखे वाटू नये. या कसोट्या वाचताना आम्हांला पानवाल्याची आठवण झाली. तो यांतली एकही कसोटी न शिकता पाळीत असे.

येथवर सारा विचार एकट्या प्रवाशाचा झाला. पण रस्ता एकट्याचा नसतो. इंग्लंडमधील वॉर्ड्रॉप यांनी 1952 सालीच दोन अवस्थांतला भेद दाखवला होता. प्रत्येकजण स्वतःपुरती उत्तम वाट निवडतो ती एक अवस्था. सर्वांचा मिळून कमीत कमी वेळ जातो ती दुसरी. या दोन्ही एकच असतील असे नाही. 1968 साली ब्रेस या जर्मन गणितज्ञाने तर याहून चमत्कारिक गोष्ट सिद्ध केली. समजा, 2000 गाड्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे आहे. वाटा दोन. प्रत्येक वाटेचा एक टप्पा रुंद असून त्याला नेहमी 45 मिनिटे लागतात. दुसरा अरुंद असून त्याला दर 50 गाड्यांमागे 1 मिनिट लागते. फरक इतकाच की एका वाटेवर अरुंद टप्पा आधी येतो, दुसरीवर नंतर. गाड्या निम्म्या-निम्म्या विभागल्या तर प्रत्येकीला 20 आणि 45 मिळून 65 मिनिटे लागतील. आता दोन्ही वाटांच्या मध्यांना जोडणारा, क्षणात पार होणारा एक नवा रस्ता बांधला. प्रत्येक शहाणा चालक पहिला अरुंद टप्पा, मग जोडरस्ता, मग दुसरा अरुंद टप्पा असा जाईल. आणि सर्वांनाच 40 अधिक 40 म्हणजे 80 मिनिटे लागतील! जुन्या वाटेने गेले तर 85 लागतात, म्हणून एकटा कोणी मागेही फिरणार नाही. सोय वाढली, आणि सर्वांचाच वेळ वाया गेला.

हे केवळ कागदावरचे कोडे नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ लिओनिया नावाचे लहानसे गाव आहे. पुलाकडे जाणारे हमरस्ते तुंबले की मार्गदर्शक यंत्रे गाड्यांना या गावातल्या गल्ल्यांतून पाठवीत. रहिवाशांना स्वतःच्या दारातून गाडी बाहेर काढणे कठीण झाले, तेव्हा जानेवारी 2018 मध्ये गावाने सुमारे 60 रस्ते गर्दीच्या वेळी परक्या वाहनांना बंद केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मूळ नियम टिकले नाहीत. पण त्या गावाने विचारलेला प्रश्न टिकून आहे: माझे पाच मिनिटे वाचवण्याची किंमत ज्याच्या दारातून मोजली जाते, त्याचा आकडा कोणत्या रेघेवर लिहिला आहे?

आम्ही यंत्राचे वैरी नाही. अनोळखी मुलुखात, रात्री, पावसात त्याने आम्हांला कित्येकदा घरी सुखरूप आणले आहे. आणि ज्याला पानवाल्याची भाषा येत नाही त्याला तर ते मोठाच आधार आहे. कॉफीगृहाच्या अंगणात सुचलेली ती रीत मानवी बुद्धीचे भूषण आहे, यात शंका नाही. परंतु आडवाट ही थोड्यांना ठाऊक असते तोवरच आडवाट असते; सर्वांना ठाऊक झाली की तो हमरस्ता होतो, आणि तिच्या काठी राहणाऱ्यांना त्याविषयी कोणी विचारलेले नसते. पानवाला मागच्या अंगाची वाट सांगताना समोरचा माणूस पाही, आणि ती वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांनाही तो ओळखत असे. यंत्राच्या नकाशात ती दारे अजून आलेली नाहीत.

त्या फाटकावरून आम्ही अजूनही जातो. यंत्र गल्लीकडे वळावयास सांगते. फार घाई नसेल तर आम्ही गाडी बंद करून फाटक उघडण्याची वाट पाहतो. गल्लीतले ते शिवणयंत्र तेवढा वेळ निवांत चालत असावे, अशी आमची समजूत आहे.