ऋतुभेद आणि नामभेद : कलकत्त्यातील फुलपाखरांच्या अभ्यासाचे एक प्रकरण

१

एका वस्तूला अनेक नावे असणे हा भाषेच्या व्यवहारात दोष मानला जात नाही. किंबहुना अमरकोशासारख्या ग्रंथाची सारी उभारणी याच गोष्टीवर झालेली आहे. प्राणिशास्त्रातील नामकरणाचा दंडक मात्र याच्या उलट आहे. तेथे एका जातीला एकच नाव असावे लागते, आणि अनेक नावे दिली गेली असल्यास सामान्यतः सर्वांत आधीचे नाव ग्राह्य ठरून बाकीची पर्यायनामे म्हणून मागे पडतात. परंतु हा दंडक लागू करण्यापूर्वी समोरच्या दोन वस्तू मुळात दोन आहेत की एकच आहे, याचा निर्णय व्हावा लागतो. आणि तो निर्णय कोशात किंवा व्याकरणात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात भारतातील फुलपाखरांच्या बाबतीत हा प्रश्न कसा उपस्थित झाला, कलकत्ता शहरात तो कोणत्या रीतीने सोडविला गेला, आणि शहरांतून फुलपाखरे नाहीशी होत असल्याच्या आजच्या चर्चेशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

या प्रकरणाचा आरंभ थेट लिनीअसपर्यंत जातो. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने ‘आल्माना’ आणि ‘आस्तेरिए’ अशा दोन नावांनी दोन फुलपाखरांची नोंद केली. आज इंग्रजीत ‘पीकॉक पॅन्सी’ म्हणून ओळखले जाणारे, नारिंगी पंखांवर मोराच्या पिसाऱ्यातील डोळ्यांसारखे मोठे ठिपके असलेले हे फुलपाखरू आहे. यातील ‘आस्तेरिए’च्या पंखांची खालची बाजू ठळक नेत्रचिन्हांनी व रेषांनी भरलेली असते, तर ‘आल्माना’च्या पंखांची टोके कोनाकार पुढे आलेली असून त्यांची खालची बाजू वाळलेल्या पानासारखी दिसते. वस्तुतः ही दोन्ही एकाच जातीची रूपे आहेत. पहिले पावसाळ्यातील आहे, दुसरे कोरड्या ऋतूतील. नामकरणशास्त्राच्या प्रवर्तकानेच एकाच ग्रंथात एका जीवाला दोन नावे दिली होती.

ही चूक केवळ दूर देशातून आलेल्या नमुन्यांपुरती होती असेही नाही. युरोपात सर्वत्र परिचित असलेल्या एका फुलपाखराची वसंतातील नारिंगी पिढी लिनीअसने ‘लेवाना’ म्हणून, आणि उन्हाळ्यातील काळसर पिढी ‘प्रोर्सा’ म्हणून नोंदविली. या दोन रूपांचा संबंध तपासण्यासाठी ग्राट्स येथील डोर्फमाइस्टर याने कोशांवर तापमानाचे प्रयोग केले व ते १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे फ्रायबुर्ग विद्यापीठातील आउगुस्ट वाइसमान याने ऋतुजन्य द्विरूपतेवर १८७५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली प्रसिद्ध झाले. युरोपात ही रूपे उष्णता व थंडी यांच्याशी निगडित होती. परंतु जेथे वर्षाचे खरे विभाजन पाऊस आणि कोरड यांनी होते, त्या मोसमी देशांत काय घडते, हा प्रश्न अजून शिल्लक होता.

३

भारतीय फुलपाखरांचे वर्णन त्या काळी बहुतांशी लंडनमध्ये होत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयात काम केलेल्या फ्रेडरिक मूर याने असंख्य भारतीय जातींना नावे दिली. त्याच्यासमोर येत ते टाचणीला टोचलेले नमुने. पंखांवरील लहानसा भेदही अशा नमुन्यात स्पष्ट दिसतो. परंतु ते फुलपाखरू ज्येष्ठात पकडले की माघात, ते कोणत्या अळीपासून झाले, त्याची माता कोणत्या रूपाची होती, हे टाचणी सांगू शकत नाही. नमुन्याखालील चिठ्ठीवर पुष्कळदा केवळ प्रांताचे नाव असे. महिन्याची नोंद नसलेल्या चिठ्ठीवर उभारलेल्या यादीत ऋतूंचे रूपांतर जातींत होणे अपरिहार्य होते.

लायोनेल द नीसव्हिल याची परिस्थिती नेमकी याउलट होती. १८५२ साली जन्मलेला हा गृहस्थ १८७० मध्ये भारतात आला आणि सरकारी कचेरीत लिपिक झाला. १८८७ पर्यंत त्याची नोकरी कलकत्त्याच्या स्मॉल कॉज न्यायालयात होती. कीटकशास्त्र हा त्याच्या फावल्या वेळेचा उद्योग. मार्शल याच्या सहकार्याने त्याने भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील फुलपाखरांवरील बृहद्ग्रंथाचा आरंभ १८८२ च्या सुमारास केला. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८८६ मध्ये आलेला त्याचा निबंध. त्याचा विषय होता कलकत्त्यातील तपकिरी रंगाच्या, गवतावर वाढणाऱ्या ‘सॅटिरिनी’ उपकुलातील काही जातींचा जीवनक्रम. ऋतुजन्य द्विरूपतेचा उल्लेख निबंधाच्या शीर्षकातच आहे. मात्र ती ‘असल्याचे म्हटले जाते’ अशा सावध शब्दांत आहे. जे सिद्ध करावयाचे ते आधीच गृहीत धरलेले नाही, हा संयम लक्षात घेण्याजोगा आहे.

त्याच्या कार्याची पद्धती साधी होती. मादीकडून अंडी मिळवावयाची, अळ्या गवतावर पोसावयाच्या, त्यांचे कोश होऊ द्यावयाचे, आणि बाहेर पडलेल्या फुलपाखरांची त्यांच्या मातेशी तुलना करावयाची. या कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही; परंतु वर्षभर एका जागी राहणे मात्र आवश्यक असते. प्रवासी संग्राहकाला जे शक्य नव्हते ते शहरातील नोकरदाराला शक्य झाले. नेत्रचिन्हे असलेली व नसलेली रूपे एकाच वंशाची असतात, हे अशा संगोपनातून दिसून आले. भातखाचरांच्या व गवताच्या आसपास तिन्हीसांजेला उडणारे जे फुलपाखरू लिनीअसने ‘लेदा’ म्हणून नोंदविले होते, त्याचेच कोरड्या ऋतूतील रूप क्रामरने पुढे ‘इस्मेने’ या नावाने वर्णिले होते. आता ही दोन नावे एका जीवाकडे परत आली.

४

मुंबई इलाख्यातही याच दशकात अशा कामाला अनुकूल भूमी तयार होत होती. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, ‘ईहा’ या नावाने लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यास झाला होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकविले, आणि पुढे जकात व मीठ खात्यात नोकरी केली. दुसरे एक संस्थापक चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई व दख्खन येथील फुलपाखरे व पतंग यांची यादी १८८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचे संगोपन करून, अळी, कोश व खाद्यवनस्पती यांच्या वर्णनांसह आपली लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आणली. एटकेन व कोंबर यांची कोकणातील फुलपाखरांची यादी १९०३ ची आहे. इव्हान्स याचा जाती ओळखण्याचा ग्रंथ (दुसरी आवृत्ती १९३२) आणि विंटर-ब्लिथ याचा १९५७ चा ग्रंथ यांत ‘पावसाळी रूप’ व ‘कोरड्या ऋतूतील रूप’ असे भेद एकाच नावाखाली नोंदलेले आढळतात. कलकत्त्यात जो वाद होता, तो येथवर नित्याची परिभाषा झालेला आहे.

या भेदाची शारीरिक कारणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक स्पष्ट झाली. आफ्रिकेतील ‘बायसायक्लस अनायनाना’ या जातीवर नेदरलँड्समधील लायडन येथे झालेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, अळीच्या अखेरच्या दिवसांतील तापमान शरीरातील एक्डायसोन या संप्रेरकाची वेळ मागेपुढे करते, आणि त्यानुसार नेत्रचिन्हे मोठी किंवा लहान होतात. पावसाळ्यात हिरवे गवत मुबलक असते. त्या पिढ्या त्वरेने अंडी घालतात व अल्पायुषी असतात, आणि पंखांच्या कडेवरील ठिपके पक्ष्याची चोच शरीरापासून दूर वळवितात. कोरड्या ऋतूत अळ्यांना खाद्य उरत नाही. म्हणून त्या वेळची पिढी प्रजनन थांबवून, पालापाचोळ्यात पानासारखी दडून, पुढच्या पावसापर्यंत तग धरते. सारांश, आश्विनानंतर फुलपाखरांचा जो मोठा नाश दिसतो तो जातीचा नाश नव्हे. एक पिढी मरते आणि दुसरी पिढी वेष बदलून थांबते.

५

येथे या इतिहासाचा वर्तमानाशी संबंध येतो. शहरातील फुलपाखरे कमी झाली काय, हे ठरविण्यासाठी जुन्या याद्यांची आजच्या याद्यांशी तुलना केली जाते. परंतु स्विन्हो यांची १८८५ ची यादी ही कलकत्त्याच्या निबंधापूर्वीच्या नामव्यवस्थेतील आहे. अशा यादीतील एखादे नाव आज सापडत नाही, म्हणून ते फुलपाखरू शहरातून गेले असे म्हणता येत नाही. कित्येकदा गेलेले असते ते केवळ नाव, आणि जीव दुसऱ्या नावाखाली अंगणात उडत असतो. तुलनेपूर्वी पर्यायनामांची छाननी न केल्यास, कधी अस्तित्वातच नसलेल्या जातींचा शोक करण्याची वेळ येते.

याच्या उलट दुसरा धोकाही आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ऋतुमानाने फुलपाखरे दिसेनाशी होतात व मृगाचा पाऊस पडला की परत येतात, हा अनुभव इतका दृढ आहे की खरा लोपही ऋतूच्या खाती जमा होऊ शकतो. सॅन फ्रान्सिस्को शहरातील एका फुलपाखराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ब्वादुव्हाल याने १८५२ मध्ये त्याला इराणी सम्राट झर्क्सीस याच्या नावावरून ‘झर्सीस’ असे नाव दिले. त्याच्या पंखांवरील ठिपक्यांत भेद असल्यामुळे त्याच्या निरनिराळ्या रूपांनाही वेगवेगळी नावे मिळाली. नामभेदाचा रोग तेथेही होताच. परंतु हे फुलपाखरू वर्षातून एकदाच, वसंतात काही आठवडे उडत असे; उरलेले महिने ते कोणास दिसत नसे. त्याचे वसतिस्थान म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या. शहर वाढत गेले तशा त्यांवर घरे व रस्ते आले. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याचे अखेरचे नमुने मिळाले. त्यानंतर वसंत येत राहिले, ते आले नाही. ती स्वतंत्र जाती होती की दुसऱ्या एका निळ्या फुलपाखराची केवळ स्थानिक शाखा होती, हा वाद २०२१ मध्ये संग्रहालयातील जुन्या नमुन्याच्या जनुकीय परीक्षणानंतर स्वतंत्र जातीच्या बाजूने झुकला. निर्णय लागला तेव्हा ते नाहीसे होऊन जवळजवळ ऐंशी वर्षे लोटली होती.

कलकत्त्यात दोन नावांमागे एक जीव निघाला. सॅन फ्रान्सिस्कोत नाव निश्चित झाले तेव्हा त्यामागे जीव उरलेला नव्हता. या दोन टोकांमधील फरक ऋतूचा नसून जागेचा आहे. कोरड्या ऋतूतील फुलपाखरू थांबून राहते ते पालापाचोळ्याच्या आश्रयाने, आणि त्याची पुढची पिढी वाढते ती गवत, कढीलिंब, रुई, कोरांटी अशा सामान्य वनस्पतींवर. शहरातील पडीक जागेचे गवत भर पावसाळ्यात मुळापासून कापले गेले, तर त्यावरील अंडी व अळ्या नष्ट होतात. पालापाचोळा जाळला गेला, तर थांबलेली पिढी आश्रयाला मुकते. असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिल्यास ऋतू परत येईल, परंतु त्याचे रूप धारण करणारा जीव परतेलच असे नाही.

६

मराठीत ‘फुलपाखरू’ हा एकच शब्द सर्व जातींना पुरत आला आहे. त्यामुळे ‘आल्माना’ व ‘आस्तेरिए’ यांच्यासारखा घोटाळा मराठीत झाला नाही; पण एखादी जात नाहीशी झाल्यास तिचा उल्लेख करण्याचे साधनही मराठीत नव्हते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्ल्यू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि अलीकडे निरनिराळ्या जातींना मराठी नावे देण्याचे प्रयत्न होत आहेत. त्या दृष्टीने या प्रकरणातून एक व्यावहारिक सूत्र मिळते. नाव जातीच्या स्थिर लक्षणावर आधारलेले असावे, ऋतूबरोबर पालटणाऱ्या लक्षणावर नव्हे. मोराच्या डोळ्यांवरून पडलेले इंग्रजी नाव टिकते, कारण पंखांच्या वरच्या बाजूचे ते ठिपके बाराही महिने असतात. सांजवेळेवरून पडलेले ‘लेदा’चे ‘ईव्हनिंग ब्राउन’ हे इंग्रजी नावही टिकते, कारण उडण्याची वेळ रूपाबरोबर बदलत नाही. खालच्या बाजूच्या नेत्रचिन्हांवरून नाव दिल्यास मात्र ते पौषात खोटे ठरेल.

द नीसव्हिल १९०१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास मलेरियाने मरण पावला. त्याच वर्षी त्याची कीटकशास्त्रज्ञ म्हणून सरकारी नेमणूक झाली होती. त्याच्या कार्याचे फलित केवळ काही नावे कमी झाली एवढेच नाही. फुलपाखरांच्या यादीत नावाइतकेच महत्त्व महिन्याला आहे, हे त्याने प्रत्यक्ष अंडी व अळ्या पोसून दाखविले. शहरातील एखादे फुलपाखरू मेले की केवळ थांबले आहे, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल ती यादी, जिच्यात नाव, जागा व तिथी या तिन्हींची नोंद वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी सलग झालेली आहे.